पर्सेफनी खाली जाते ती हिवाळ्यात की उन्हाळ्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ग्रीक-रोमन पुराणकथांचा अर्थ लावायच्या ढीगभर थिअऱ्या आहेत, एक जण म्हणतो सगळं ऋतुचक्र आहे, दुसरा म्हणतो हे खरे राजे होते, लोकांनी नंतर त्यांचे देव केले, तिसरा लगेच फ्रॉइड काढतो, चौथा म्हणतो सगळा नशेचा मामला, तर यातली बरोबर कुठली आणि वाचायला सुरुवात कुठून करू. मी २८ वर्षं कॉलेजात हे शिकवलं, ग्रीक मात्र चाळिशी ओलांडल्यावर शिकले, तेही रडतखडत, त्यामुळे आधीची कितीतरी वर्षं मी भाषांतरांवर आणि दुसऱ्यांच्या मतांवर निभावून नेली हे आधीच कबूल करते. बरोबर थिअरी कुठली ते मी सांगणार नाहीये, टाळायचं म्हणून नाही, तर प्रश्नच जरा तिरका आहे म्हणून. त्यापेक्षा एकच कथा घेऊ आणि एकेका पंडिताला तिच्यासमोर उभं करू, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते आपोआप दिसेल.

कथा धान्याची देवी डिमीटर आणि तिच्या लेकीची, पर्सेफनीची. तुम्हाला ढोबळ माहीत असेलच, पण सगळ्यात जुनं सविस्तर रूप कुठलं तर होमरच्या नावावर खपणारं एक स्तोत्र, ४९५ ओळींचं, होमरचा त्याच्याशी काही संबंध नाही, बहुधा होमरनंतरचं. हे स्तोत्र जवळजवळ हरवलंच होतं, १७७७ मध्ये मॉस्कोत एक हस्तलिखित सापडलं आणि त्या एका पोथीमुळे आज ते आपल्याकडे आहे, पोथी आता लायडनला. त्यात काय आहे, तर मुलगी मैत्रिणींबरोबर कुरणात फुलं वेचतेय, देवांचा राजा झ्यूस म्हणजे तिचा सख्खा बाप, त्याच्या संमतीने धरणीने एक भुरळ पाडणारं नर्गिसाचं फूल उगवून ठेवलंय, एका बुडख्याला १०० फुलं, ती हात लावते आणि जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीझ रथातून वर येतो आणि तिला घेऊन जातो. आई ९ दिवस हातात मशाली घेऊन हिंडते, खात नाही, अंघोळ करत नाही. शेवटी सूर्यदेव हीलिओस सांगतो काय झालं ते, आणि वर काय म्हणतो, तर अगं जावई काही वाईट नाही, घराणं चांगलं आहे, इतका शोक बरा नव्हे. हे वाचून आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हसायचंच, कारण असा एक काका प्रत्येकीच्या घरात असतो.

मग डिमीटर म्हातारीचं रूप घेऊन इल्यूसिस गावी येते, विहिरीजवळ बसते, राजाच्या मुली तिला घरी नेतात, तिथे ती तान्ह्या राजपुत्राला सांभाळते, रात्री त्याला विस्तवात ठेवून अमर करायला बघते, आई किंचाळते, सगळं फिसकटतं. मग ती रुसून देवळात बसते आणि वर्षभर जमिनीतून काही उगवू देत नाही, बैल नांगर ओढतात आणि सातू मातीत वाया जातो. देवांना नैवेद्य मिळेना म्हटल्यावर झ्यूस नमतं घेतो, देवांचा दूत हर्मीस याला खाली पाठवतो, मुलगी परत येते, पण तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो म्हणून वर्षाचा एक तृतीयांश भाग तिला खाली जावंच लागतं.

आता सगळ्यात लोकप्रिय अर्थ. मुलगी म्हणजे बी, खाली जाते तो हिवाळा, वर येते तो वसंत, झालं. मी हे कित्येक वर्षं बिनदिक्कत शिकवलं, फळ्यावर गोल काढून चार बाण दाखवून. एका वर्षी मंगळवेढ्याकडची एक मुलगी वर्गात होती, घरची कोरडवाहू जमीन, तिने हात वर केला आणि म्हणाली, मॅडम, पण गहू तर हिवाळ्यातच वाढतो ना? आमच्याकडे ज्वारी नवरात्राच्या आसपास पेरतात, थंडीत पीक उभं असतं, रान मेलेलं असतं ते उन्हाळ्यात. मला काही सुचेना. म्हटलं ग्रीसमध्ये वेगळं असेल, बघून सांगते. घरी येऊन बघितलं तर ग्रीसमध्ये अगदी तसंच, म्हणजे रब्बीसारखंच. हेसिअड हा ख्रिस्तपूर्व ७०० च्या आसपासचा कवी, स्वतः शेतकरी, तो चक्क वेळापत्रक देतो की कृत्तिका मावळायला लागल्या की नांगरा, म्हणजे साधारण नोव्हेंबर, आणि कृत्तिका ४० दिवस-रात्री दिसेनाशा होऊन परत उगवल्या की कापणीला लागा, म्हणजे मे. पहिल्या पावसावर पेरणी, हिवाळाभर हिरवं रान, उन्हाळ्यात सगळं जळून पिवळं. पेरताना जमिनीखालच्या झ्यूसला आणि डिमीटरला हात जोडा असंही तो सांगतो. मग हिवाळ्यात रान मरतं ही कल्पना आली कुठून? ज्यांनी ही थिअरी आपल्या पाठ्यपुस्तकांत पोचवली ते इंग्लंड-जर्मनीतले लोक होते, त्यांच्या खिडकीबाहेर डिसेंबरात बर्फ, त्यांनी आपली खिडकी ग्रीसला लावली आणि आम्ही त्यांची खिडकी मंगळवेढ्याला दाखवत बसलो.

हे माझ्या आधी शहाण्या लोकांच्या लक्षात आलेलं होतंच, मीच वाचलं नव्हतं. केंब्रिजचा कॉर्नफर्ड आणि स्वीडनचा निल्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडलं होतं की मुलगी खाली जाते तो काळ उन्हाळ्याचा, कारण कापणी-मळणी झाल्यावर धान्य जमिनीत पुरलेल्या रांजणांत, बळदांत ठेवत आणि पेरणीच्या वेळी बाहेर काढत. म्हणजे आपलं पेव! पुढच्या तासाला मी त्या मुलीला हे सांगितलं तर तिने बाकीच्यांना पेव म्हणजे काय ते समजावलं, आजोबांच्या वाड्यात होतं, उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, वाफ जाऊ द्यायची नाहीतर माणूस गुदमरून मरतो. पाताळाच्या राजाच्या घरात धान्याची मुलगी चार महिने, आणि त्या पाताळाचं तोंड उघडताना जिवाची भीती. मला तर काटाच आला अंगावर, असं वाटलं की सापडलं, हाच तो अर्थ.

आणि इथेच सावध व्हायचं असतं, हे मला अजून काही वर्षांनी मूळ ग्रीक वाचताना कळलं. कारण स्तोत्रात स्पष्ट ओळ आहे की जमिनीवर नाना तऱ्हेची सुवासिक वसंतातली फुलं फुलतील तेव्हा तू वर येशील. वसंत! पेरणीचा महिना नाही. म्हणजे पेवाची थिअरी हवामानात चपखल बसते, पण ज्या कवितेसाठी ती काढली ती कविताच तिला जुमानत नाही, आणि हिवाळ्याची थिअरी कवितेत बसते पण शेतात बसत नाही. कवीला पीकपाणी कळत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण बहुधा त्याला पीकपाण्याचं कोष्टक मांडायचंच नव्हतं. शिवाय नीट बघा, मुलगी खाली जाते म्हणून पीक मरत नाही. मुलगी गेल्यावरही रान चालूच असतं, आई संपावर जाते तेव्हा दुष्काळ पडतो. बी आणि ऋतूवाल्यांनी हा मधला संतापाचा भागच गाळला.

बरं, मुलगी म्हणजे बी हे काही युरोपियनांनी काढलेलं नाही हेही सांगायला हवं. सिसेरो ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात स्टोइक पंथाच्या एका तत्त्वज्ञ पात्राच्या तोंडी घालतो की प्रोसर्पिना, म्हणजे रोमनांची पर्सेफनी, हे धान्याचं बी, ते लपलेलं असतं आणि आई शोधते असं लोक कल्पितात. त्याच्या आधीचा स्टोइक क्लिअँथीस म्हणत होता की पर्सेफनी म्हणजे पिकांतून वाहत जाणारा आणि मरणारा श्वास. ही रूपकाची टूम फार जुनी, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात दक्षिण इटलीतला थिअजेनीस इलियडमधल्या देवांच्या मारामारीचा अर्थ अग्नी, पाणी, हवा असा लावत होता. का लावत होता? कारण झेनोफनीससारखे लोक तेव्हा उघड विचारू लागले होते की होमर-हेसिअडने माणसांची सगळी कुलक्षणं, चोरी, व्यभिचार, फसवणूक, देवांना चिकटवली, हे काय चाललंय, आणि बैलांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे देव काढले असते. मग होमरला वाचवायचं कसं, तर म्हणायचं की तो वरवर एक बोलतो पण आत दुसरंच आहे. लाजिरवाण्या गोष्टीला झाकायला म्हणून रूपक आलं, हे विसरू नका, आजही बहुतेक वेळा तेव्हाच येतं.

दुसरा कारखाना ‘खरं काय घडलं’ वाल्यांचा. युहेमेरस, ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचा, मॅसिडोनच्या कॅसँडर राजाच्या पदरी. त्याने लिहिलं की पँकिया नावाच्या बेटावर एक सोन्याचा खांब आहे आणि त्यावर झ्यूस वगैरे जुन्या राजांची कामगिरी कोरलीय, देव म्हणजे नंतर पूजले गेलेले राजे. बेटही काल्पनिक, खांबही काल्पनिक. पण कल्पना अशी चालली की काही विचारू नका, रोमन कवी एनिअसने ती लॅटिनमध्ये नेली आणि पुढे ख्रिस्ती धर्मप्रचारकांना ती आयतीच मिळाली, बघा तुमचेच लोक म्हणतात तुमचे देव मेलेली माणसं आहेत. आपल्या कथेवर हा प्रयोग प्लुटार्कच्या थिसिअस-चरित्रात दिसतो, तिथे पाताळाचा राजा हा मोलोसियन लोकांचा एडोनिअस नावाचा साधा राजा आहे, बायकोचं नाव पर्सेफनी, मुलीचं कोरी आणि कुत्र्याचं नाव सर्बेरस, आणि मुलीला मागणी घालायला येईल त्याने आधी कुत्र्याशी झुंजायचं. मला हे फार आवडतं, कारण यात चमत्कार सगळा पुसला गेलाय आणि उरलंय काय तर एक विक्षिप्त सासरा आणि चावरं कुत्रं. कथेत जे काही होतं ते गेलं. आजकाल अमुक मिथकामागचं विज्ञान म्हणून जे व्हिडिओ येतात ते याच कारखान्यातले.

सॉक्रेटिसने या दोन्ही कारखान्यांना प्लेटोच्या एका संवादात फार छान टोला मारलाय. तो आणि फीड्रस उन्हात इलिसस ओढ्याच्या काठाने चाललेत, फीड्रस विचारतो की उत्तरेच्या वाऱ्याने ओरिथियाला इथूनच पळवली ना, तुला खरं वाटतं का हे? तीही बघा, मैत्रिणीबरोबर खेळताना उचलून नेलेली मुलगी. सॉक्रेटिस म्हणतो, मीही शहाण्यासारखं म्हणू शकतो की वाऱ्याच्या झोताने ती खडकावरून पडून मेली आणि लोक म्हणू लागले की वाऱ्याने पळवली. पण मग अर्धी माणसं अर्धे घोडे असलेले सेंटॉरही असेच सरळ करावे लागतील, मग कायमिरा, मग गॉर्गनांची आणि पेगाससांची सगळी जत्रा, मला बाबा तेवढी सवड नाही, मी अजून स्वतःलाच ओळखलेलं नाही. दोन हजार वर्षांहून जुना परिच्छेद आहे आणि मला अजून यापेक्षा चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र थिअऱ्यांचं अक्षरशः पेव फुटलं. (आज हा शब्द काही माझा पिच्छा सोडत नाही.) मॅक्स म्युलर, आपल्याकडे ज्यांना भट्ट मोक्षमूलर म्हणत, यांचं म्हणणं असं की पुराणकथा हा भाषेचा आजार आहे, आधी लोक सूर्य-उषेबद्दल बोलायचे, मग शब्दांचे मूळ अर्थ विसरले आणि शब्दांची माणसं झाली. डॅफ्नी अपोलोपासून पळते म्हणजे उषा सूर्यापासून पळते, आणि डॅफ्नी हे नाव संस्कृत अहना वरून वगैरे. यातलं द्यौष्पितर, झ्यूस पाटेर, ज्युपिटर हे एक समीकरण आजही पक्कं आहे, पण बाकी बरंच वाहून गेलं. १८७० मध्ये डब्लिनच्या एका कॉलेज-मासिकात लिटलडेल नावाच्या पाद्र्याने म्युलरचीच पद्धत वापरून सिद्ध केलं की मॅक्स म्युलर नावाचा माणूस झालाच नाही, ते सूर्याचंच रूपक आहे! ही लाट महाराष्ट्रातही आली होती, टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ मध्ये मृगशीर्ष आणि ग्रीकांचा शिकारी ओरायन यांची सांगड घातली, ओरायन हे नावच आग्रयणावरून आलं असं मांडलं. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकली नाही, पण टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत असताना त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी शब्द टाकला त्यात मॅक्स म्युलर होते, आणि १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले.

‘द गोल्डन बाउ’ वाल्या फ्रेझरवर मी फार वेळ घालवणार नाही. १८९० ला दोन खंड, १९१५ पर्यंत बारा, जगभरातल्या मरून उठणाऱ्या देवांना एका माळेत ओवलं, वाचायला अजूनही झकास, पण कुठल्याही गावाला दुसऱ्या कुठल्याही गावासारखं करून टाकायची त्याची हातोटी धोक्याची आहे. आमच्या वर्गातही हेच व्हायचं, धरणी दुभंगली म्हटलं की कुणीतरी लगेच, मॅडम सीता! अरे पण सीता स्वतःहून जाते, परत येत नाही आणि तिची आईच ती जमीन आहे. सारखेपणा दिसला की तिथे थांबायचं नाही, फरक मोजायला लागायचं.

केंब्रिजच्या जेन हॅरिसनचं मात्र वेगळं. १९०३ च्या तिच्या ग्रंथाने पहिल्यांदा जोर देऊन सांगितलं की कथा काय म्हणते ते नंतर, आधी बायका काय करत होत्या ते बघा. आणि बघण्यासारखं होतंच. अथेन्समध्ये पेरणीच्या तोंडावर थेस्मोफोरिया नावाचा तीन दिवसांचा सण असायचा, फक्त बायकांचा, पुरुषांना बंदी. दुसऱ्या दिवशी कडक उपास, जमिनीवर बसून. त्या सणात एकमेकींना अचकट-विचकट बोलायचं, शिव्या घालायच्या. आणि आधी कधीतरी जमिनीतल्या खड्ड्यांत डुकराची पिल्लं टाकलेली असत, ती कुजली की तीन दिवस व्रत पाळलेल्या बायका खाली उतरून टाळ्या वाजवून तिथल्या सापांना हुसकावत आणि ते कुजलेलं वर काढून वेदीवर ठेवत, मग ते बियाण्यात मिसळलं की पीक चांगलं येतं असा समज. हे ल्युशन या ग्रीक लेखकाच्या लिखाणावरच्या एका जुन्या टीपेत सापडतं, आणि कारण काय दिलंय तर हेडीझने मुलीला नेलं तेव्हा युबुलिअस नावाचा डुकरं राखणारा तिथे होता, तोही त्याच्या डुकरांसकट गडप झाला. आता स्तोत्राकडे परत या. डिमीटरचा उपास आहे. इआंबी नावाची दासी तिला चावट बोलून हसवते असा एक प्रसंग आहे, जो नुसती कविता म्हणून वाचताना मला नेहमी मध्येच आल्यासारखा वाटायचा. सण माहीत झाल्यावर तो मध्येच वाटत नाही, ऐकणाऱ्या बाईला कळायचं की अरे हे तर आपण करतो ते. हॅरिसन पुढे जाऊन म्हणायला लागली की प्रत्येक कथेमागे विधी असतोच, ते काही खरं नाही, पण निदान तिने लोकांना पुस्तकातून उठवून खड्ड्यापर्यंत नेलं. आपल्याकडे इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या माळांवर पायी हिंडून, इथे शेंदूर कोण लावतं आणि का, असं विचारत जे केलं ते याच रक्ताचं काम, १९६२ चं त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ जरूर वाचा.

फ्रॉइडबद्दल एकच गोष्ट. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपसची जी कथा त्याने घेतली ती नाटककार सोफोक्लीसची, डोळे फोडून घेणारी. ओडिसीत ईडिपसची आई फास घेते आणि तो दुःख भोगत थीब्समध्ये राज्य करत राहतो, डोळे फोडल्याचा उल्लेख नाही. इलियडमध्ये तर त्याच्या अंत्यविधीचे खेळ थीब्समध्येच झाल्याचं येतं. म्हणजे साऱ्या मानवजातीच्या मनाचा जो नकाशा म्हणून दाखवला तो एका शहरातल्या एका नाटककाराने दिलेलं वळण आहे. व्हेर्नाँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९६७ मध्ये अजून बोचरं विचारलं, ईडिपस ज्यांना आईबाप समजून वाढला ते पॉलिबस आणि मेरोपी, मग त्याचा गंड असलाच तर मेरोपीबद्दल असायला हवा, नाही का. मानसशास्त्रज्ञ युंग आणि पुराणकथांचे अभ्यासक केरेन्यी यांनी १९४१ च्या सुमारास आई-मुलीच्या जोडीवर लिहिलं, प्रत्येक आईत मुलगी आणि मुलीत आई वगैरे, सुंदर आहे, पण ते कुठल्याही आई-मुलीला लागू पडतं आणि जे कुठेही लागू पडतं त्याने या कथेबद्दल मला फारसं काही कळत नाही. कथांची विरोधी जोड्यांत मांडणी करणाऱ्या लेव्ही-स्ट्रॉसचे तक्ते मी शिकवले, परीक्षेला विचारले, आवडले कधीच नाहीत.

आणि हो, नशा. १९७८ मध्ये वॉसन, हॉफमन आणि रक या तिघांनी मांडलं की इल्यूसिसला डिमीटरच्या गुप्त विधीत प्यायचे ते पेय म्हणजे अरगट नावाची बुरशी लागलेल्या सातूचं, हॉफमन म्हणजे एलएसडी बनवणारा रसायनशास्त्रज्ञ. स्तोत्रात डिमीटर लाल वाइन नाकारते आणि सातू, पाणी आणि पुदिन्यासारखी एक वनस्पती घातलेलं पेय मागते, एवढंच. बाजरीवरचा अरगट ज्या शेतकऱ्यांनी बघितलाय त्यांना विचारा, विषबाधा म्हणजे काय असते. शतकानुशतकं हजारो माणसं ते पिऊन शहाणी होऊन घरी परतली यावर विश्वास ठेवायला माझं मन घेत नाही. पण ही थिअरी मरणार नाही, कारण ती सांगायला मजा येते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त दिलं ते लग्नाकडून वाचणाऱ्यांनी, विशेषतः १९७० नंतरच्या स्त्री अभ्यासकांनी. अथेन्समध्ये मुलीचं लग्न बाप ठरवायचा, आईला विचारायची रीत नाही, आणि देताना म्हणायचं वाक्य मिनँडरच्या नाटकात टिकलंय, औरस संततीच्या नांगरणीसाठी ही तुला देतो. नांगरणीसाठी! म्हणजे शेत आणि मुलगी ही सांगड घालायला कुठल्या पंडिताची गरज नव्हती, ती रोजच्या बोलण्यात होती. बापाने परस्पर ठरवलं, आईला पत्ता नाही, मुलगी किंचाळतेय आणि शेजारचा काका म्हणतोय स्थळ चांगलं आहे. माहेर-सासर हे शब्द ज्यांच्याकडे आहेत त्यांना यावर टीप लागत नाही.

आणि मरण? ते वेगळं कुठे होतं. १९७२ मध्ये अ‍ॅटिकात मेरेंडा गावी एक संगमरवरी पुतळा सापडला, फ्रासिक्लिया नावाच्या मुलीचा, ख्रिस्तपूर्व ५५०-५४० च्या दरम्यानचा, अंगावर रंगाच्या खुणा अजून आहेत, हातात कमळासारखी कळी. खाली लिहिलंय की फ्रासिक्लियाची ही खूण, मला कायम कोरी म्हणतील, लग्नाऐवजी देवांकडून मला हे नाव वाट्याला आलं. कोरी म्हणजे मुलगी, कुमारिका, आणि पर्सेफनीचंही तेच नाव. लग्नाआधी मेलेल्या मुलीच्या आईला हे स्तोत्र ऐकताना काय वाटत असेल याचा विचार करा आणि मग मला हिवाळा की उन्हाळा ते विचारा.

पण थांबा, हेही सगळीकडे चालत नाही. दक्षिण इटलीत लोक्रीला ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या मातीच्या चित्रपाट्या ढिगाने सापडल्यात, लग्नाआधी मुली वाहायच्या असं मानतात, त्यातल्या कितीतरींवर पर्सेफनी हेडीझशेजारी सिंहासनावर राणीसारखी बसलीय, हातात कणसं आणि कोंबडा. इथे ती रडकी नवरी नाही, लग्नाची देवता आहे, तिचा आशीर्वाद घ्यायचा. तीच कथा, तीच माणसं, समुद्र ओलांडला की सूर बदलला.

आणि रोमला पोचल्यावर कवी ओव्हिड. तो प्रसंग सिसिलीत, हेना गावाजवळ नेतो, सिसिली म्हणजे रोमचं धान्याचं कोठार. त्याच्याकडे सगळी सुरुवात प्रेमाची देवी व्हीनस हिच्या राजकारणाने होते, ती मुलाला म्हणजे क्युपिडला म्हणते, पाताळच तेवढं का मागे राहावं, आपलं साम्राज्य वाढव की, जगाचा तिसरा हिस्सा पणाला लागलाय. साम्राज्यासाठी शब्द तोच, जो ऑगस्टसच्या रोममध्ये रोज कानावर पडायचा. रथ अडवायला सायनी नावाची एक पाण्यातली अप्सरा मध्ये उभी राहते आणि म्हणते, सिरीझच्या (रोमनांची डिमीटर) मनाविरुद्ध तू तिचा जावई होऊ शकत नाहीस, मागायला हवी होती, ओढून न्यायला नको होती. तो तिच्याच तळ्यातून जमीन फोडून खाली जातो आणि ती बोलेनाशी होऊन हळूहळू विरघळते, आधी केस, बोटं, पावलं, मग सगळंच पाणी. पुढे ज्युपिटर आईला समजावतो की गोष्टींना नीट नावं द्यायची तर हा अन्याय नाही, प्रेम आहे. आता हे प्राचीन पुरुषसत्तेचं समर्थन म्हणायचं की ओव्हिड ज्युपिटरला उघडा पाडतोय? मी दर वर्षी वेगळं उत्तर द्यायचे.

तर सुरुवात कुठून करू याचं माझं उत्तर, थिअरीच्या पुस्तकातून नको. स्तोत्राचं एखादं चांगलं भाषांतर आणि ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसेस’ चा पाचवा भाग शेजारी ठेवा आणि डाळिंबापाशी थांबा. ओव्हिडमध्ये ती बागेत हिंडताना स्वतःच फळ तोडते आणि सात दाणे खाते, दुसऱ्याच एका काव्यात तोच ओव्हिड तीन म्हणतो. स्तोत्रात एकच दाणा आहे, आणि तो प्रसंग दोनदा येतो. पहिल्यांदा कवी सांगतो, हर्मीस न्यायला आलाय, हेडीझ म्हणतो जा, तू इथली राणी आहेस, ती आनंदाने उडी मारते, आणि तो गुपचूप तिला गोड दाणा खायला देतो. जबरदस्तीचा शब्द नाही. मग ती वर येते, आई मिठी मारते आणि मिठीतच विचारते, खाली काही खाल्लं नाहीस ना? तेव्हा मुलगी सांगते की त्याने गुपचूप दिला आणि माझी इच्छा नसताना जबरदस्तीने खायला लावला.

एक वर्ष यावर वर्गात दोन तास भांडण झालं. कवीने सोडलं ते ती सांगतेय की ती आईसाठी काही घालतेय, की जबरदस्ती झालेलीच होती आणि कवीला ती दिसली नाही. मंगळवेढ्याची ती मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मॅडम, सासरहून आल्यावर आईने असं विचारलं तर दुसरं काय सांगणार?